खिळे न चालणारे बूट

साल सत्त्याण्णव, मे महिना, रविवारची सकाळ. हजर: आबा, आई, मी आणि आबांचा धाकटा भाऊ रामाकाका. गैरहजर: आबांचे कामाचे बूट.

आमचं बिऱ्हाड तेव्हा विरारजवळ बोळिंजला होतं. एका वाडीवाल्याच्या घरामागच्या दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्यासमोर मालकांची विहीर आणि तिच्या पलीकडे केळी. आबा वीजखात्यात वायरमन होते. अख्खा परिसर त्यांना वायरमन याच नावाने ओळखायचा, आणि मला वायरमनची मुलगी म्हणून. मूळ आम्ही जुन्नरकडचे. आबा नोकरीसाठी इकडे आले आणि इथलेच झाले, पण बाजरीची भाकरी त्यांनी सोडली नाही. मालकीणबाई आईला तांदळाच्या भाकरीचं पीठ द्यायच्या, आई त्यांना बाजरीचं द्यायची, आणि दोघीही दुसरीचं पीठ कोंबड्यांना घालायच्या. हे दोघींनाही ठाऊक होतं. त्यावरून कधी काही बिनसलं नाही.

आता बुटांविषयी. मी सध्या वसई पूर्वेच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. कामगारांना बूट देणं, जुने परत घेणं, कुठला कशामुळे गेला हे बघणं हा माझ्या कामाचा भाग आहे. लोक म्हणतात, हे तुम्हाला इतकं कसं कळतं. कळतं ते ओट्यावरून. आमच्या घरी रविवार हा बुटांचा दिवस असायचा. आठवडाभराचा चिखल ओल्या फडक्याने पुसायचा, ब्रशने घासायचा नाही, कारण वाळूचे कण चामड्यात शिरतात. नाड्या काढून वेगळ्या धुवायच्या. आत वर्तमानपत्राचे बोळे घालायचे आणि बूट सावलीत ठेवायचे, उन्हात कधीही नाही. उन्हात चामडं वाळतं तसं तडकतंही, आणि तडा आधी बोटं वाकतात त्या जागी जातो. वाळल्यावर खोबरेल, तेही बोटाने, शिवणीवर जास्त. समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यात मीठ असतं आणि ते आधी दोरा खातं, चामडं नंतर. ही सगळी कामं माझ्याकडे होती. आईला तेलकट हात चालत नसत आणि आबांना रविवारी दुपारी झोप लागे.

खात्याकडून बूट मिळायचे, पण आबांचा पंजा रुंद. ते बूट त्यांना करंगळीशी चावायचे. म्हणून त्यांनी मुंबईहून जाड चामड्याचा, जाड रबरी तळाचा जोड आणला होता आणि तो ते दुरुस्त करून करून वापरत. दुरुस्तीसाठी बोळिंजच्या नाक्यावर बाबूराव बसायचे. ते आरीने भोक पाडून मेण लावलेल्या दोऱ्याने तळ शिवायचे, वर सोल्यूशन लावायचे, आणि टाच घट्ट बसत नसेल तर बांबूच्या बारीक खुंट्या ठोकायचे. लोखंड नाही. खिळा नाही, टाचेला नाल नाही. हा नियम आबांचा होता आणि त्याचं कारण आमच्या घरात लहान मुलालाही सांगता आलं असतं. वायरमनचा बूट माणूस आणि जमीन यांच्यामध्ये आडवा असतो. तळात खिळा गेला की तो आडवेपणा संपला. विजेला आत यायला दार उघडून दिल्यासारखं. सोल ट्रकच्या जुन्या टायरचा असेल, तर त्यातही तार असू शकते. म्हणून आबांनी बिघडलेल्या रेडिओच्या भोंग्यातलं लोहचुंबक काढून टेबलाच्या खणात ठेवलं होतं. दुरुस्त होऊन आलेला बूट उलटा करून ते त्याच्यावरून फिरवायचं, चिकटलं नाही तरच बूट पायात. बाबूरावांनी केलेल्या कामावरूनही ते फिरवत. बाबूराव हसून म्हणायचे, "वायरमन, बायको केलीत तेव्हा पण लावलं होतं का हे?"

रामाकाका त्या वर्षी फाल्गुनात गावाहून आला होता. आबांपेक्षा बराच लहान, म्हणजे माझ्यापेक्षा फार मोठा नाही. मी त्याला अरेतुरे करायचे. गावी जमिनीचा तुकडा होता, त्यावर दोन भाऊ आधीच राबत होते. हा इकडे काम शोधायला आला. चंदनसारला तेव्हा इमारती उभ्या राहत होत्या, तिकडे तो रोज चक्कर मारून यायचा आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने परत यायचा. भावाच्या घरी बसून खाणं त्याला जमत नव्हतं. त्यामुळे घरात त्याला जे सापडेल ते तो दुरुस्त करायचा. खाट आवळली, कडी बदलली, रॉकेलच्या स्टोव्हचा पंप तेलपाणी करून इतका घट्ट केला की आईला तो दाबताच येईना. पंख्याकडे बघायला लागला तेव्हा आई म्हणाली, "भाऊजी, तो तरी सोडा. तो बरा आहे."

"आवाज करतोय वयनी."

"करू दे. झोप लागते त्या आवाजानं."

शनिवारी आबा झाडांच्या फांद्या तोडायच्या कामावर होते. पावसाळ्याआधी तारांना लागणाऱ्या फांद्या छाटतात, ते काम. संध्याकाळी ओट्याशी आले आणि नेहमीप्रमाणे दोन बूट एकमेकांवर आपटून माती झाडली. तो आवाज झाला की आई आत भाकरी थापायला घ्यायची. त्या दिवशी आवाज नीट आला नाही, फटफट असा आला. उजव्याचा तळ पुढून जिभेसारखा सुटला होता. बाबूराव लग्नसराईसाठी गावी गेले होते. आबा म्हणाले, बघू, सोमवारी खात्याचे घालीन, आणि चप्पल घालून मालकांकडे फोन करायला गेले. तेवढ्यात रामाकाकाने बूट पिशवीत घातले आणि सायकलवरून निघून गेला. कुणाला विचारलं नाही. मी विहिरीवर होते, मी पाहिलं असतं तर कदाचित विचारलं असतं.

म्हणून रविवारी सकाळी बूट गैरहजर. मी फडकं, तेल, वर्तमानपत्र घेऊन ओट्यावर आले आणि बूट नाहीत. आबांनी विचारलं तेव्हा रामाकाकाने बशीत ओतलेला चहा संपवला, मिशी पुसली आणि म्हणाला, "दुकानात हायेत. विरार ठेसनाजवळ. दुपारी आणतो."

"शिवायला दिलेत?"

"एकदम पक्कं काम. तू बघच."

आबा काहीतरी बोलणार होते. पण काकाचा चेहरा बघितला. कित्येक आठवड्यांत त्या चेहऱ्यावर असा आनंद दिसला नव्हता. आबा एवढंच म्हणाले, "शिवलेले असले म्हणजे बरं." आणि आईने त्यांच्यापुढे दुसरा चहा ठेवला.

त्या दुपारी आईने मासवड्या केल्या होत्या. नावाला मास, त्यात मासा नाही आणि मांसही नाही. बेसनाच्या उकडीत खोबरं, तीळ, लसूण यांचं सारण भरून वळायच्या आणि कापून झणझणीत रश्श्यात बुडवायच्या. काका आल्यापासून आईने त्या केल्या नव्हत्या, कारण त्या करायला अख्खा दिवस लागतो. मालकीणबाईंना एक वाटी दिली. त्यांनी ती परत करताना सुकेळी भरून दिली. ही वसईची सुकवलेली केळी, चिवट आणि गोड. काकाला ती अजिबात कळली नाहीत. "केळं असं का वाळवायचं? ताजं काय वाईट हुतं?" असं म्हणत तो एकामागून एक खात होता.

जेवणाच्या आधी तो बूट घेऊन आला होता. वर्तमानपत्रात गुंडाळलेले, वर सुतळी. उघडले तेव्हा आम्ही सगळे बघत राहिलो. पॉलिश असं की खिडकी दिसत होती. तळ नवा, रबराचा, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. आबांनी बूट हातात घेतला, वाकवला, अंगठ्याने तळ दाबला, टाचेवर टिचकी मारली. मग उठले, टेबलाचा खण उघडला आणि लोहचुंबक हातात घेतलं. रामाकाका दारात उभा होता. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, तोंडभर हसू.

"काय रं दादा, सोनाराकडं आल्यागत तपासायला लागलास? बुटाचं वजन करतो काय?"

आबा हसले. लोहचुंबक हातातच होतं. मी समोर होते, त्यांचा अंगठा त्याच्या कडेवरून फिरताना मला दिसत होता. मग त्यांनी ते परत खणात टाकलं, वर कागद सारले आणि खण लावला. "झकास झालेत," ते म्हणाले. "चल, जेवू."

इथे थोडं थांबते. माझ्या स्टोअरमध्ये नियम आहे की तपासल्याशिवाय माल आत नाही, मग तो कुणाचाही असो. मालकाच्या मेहुण्याकडून आलेला मालही मी त्याच्यासमोर उघडते. त्याला राग येतो. येऊ दे. पण स्टोअर म्हणजे घर नाही, आणि जो भाऊ आठवडे तुमच्या ताटाकडे बघून अर्धपोटी उठतो त्याने आणलेली पहिली वस्तू त्याच्यादेखत तपासायची की नाही, याला नियम करता येत नाही. हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त एवढंच वाटलं की आबा आज विसरले.

सोमवारी आबा सातला बूट घालून सायकलवरून निघाले. पुढच्या चाकाजवळ हत्यारांची पिशवी, मागे दोराचं वेटोळं. मी केर काढत होते. आई कणीक मळत होती. रामाकाका चहात बटर बुडवून खात बसला होता आणि खूश होता, कारण आबा बूट घालून निघताना म्हणाले होते की चालायला हलके वाटतायत.

"हलके कसले," काका म्हणाला, "आता बापजन्मात न्हाय सुटायचे. त्यो चांभार नुसतं चिकटवून देत हुता. म्हणलं, गोंदावर कुठं तळ टिकतो व्हय? स्वतः उभा राहून खिळे मारून घेतले. टाचेपासनं चवड्यापर्यंत. वरनं रबर लावलं, म्हंजी दिसायला बी साफ."

आईचे हात परातीत थांबले.

आमच्या गावाकडे खिळे नसलेलं पायताण म्हणजे लग्नातलं पायताण. नांगरटीत, खडकात, ढेकळांत जी वहाण टिकते ती खिळ्यांची. जितके खिळे जास्त तितका चांभार इमानदार. टाचेला नाल असेल तर माणूस ऐपतीचा. काका या गावातून आला होता. त्याला जे सर्वांत चांगलं माहीत होतं तेच त्याने भावासाठी करून आणलं होतं.

"भाऊजी," आई म्हणाली, "त्यांच्या बुटात लोखंड चालत नाही."

"का?"

आईने सांगितलं. दोन वाक्यांत सांगितलं. मग स्टोव्ह बंद केला, पदराला हात पुसले आणि मला म्हणाली, "मालकांकडून कचेरीत फोन लाव. ते कुठे आहेत विचार." काकाच्या हातातलं बटर बशीत पडलं आणि तो ते बोटाने काढायला लागला. काढून काय करायचं हे त्याला कळत नव्हतं.

कचेरीतून कळलं की वायरमन तिकडून मघाशीच निघाले. निर्मळ गावाच्या अलीकडे एका वाडीजवळ ट्रान्सफॉर्मरचा फ्यूज गेला आहे, पंप कालपासून बंद आहेत. घरात दुसरी सायकल मालकांची होती. काका पुढे बसला, मी मागे कॅरिअरवर. त्याने असा पाय मारला की पहिल्या वळणाला मी जवळजवळ पडले.

"वैशे, तो बंद करूनच करत असंल ना काम? वीज बंद करून?"

"तारेवर चढताना बंद करतात. पेटीत फ्यूज घालताना एका बाजूला चालू असते."

"हातात मोजे असत्यात की."

"असतात."

"मग?"

मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगून झालं होतं. रस्ता दोन्ही बाजूंनी वाड्यांमधून जातो. केळी, पानवेली, मोगऱ्याचे ताटवे, आणि सकाळची फुलं खुडून बाया टोपल्या भरत होत्या. एरवी तिथे पंपांचा घरघराट असतो. त्या सकाळी नव्हता. त्या शांततेचा एक फायदा होता. पंप सुरू झाले नाहीत, म्हणजे काम अजून झालेलं नाही. आणि तोच तोटाही होता, आबांचे हात अजून पेटीत असणार.

ट्रान्सफॉर्मर बावखलाच्या काठावर होता. बावखल म्हणजे वसईच्या वाड्यांमधलं गोड्या पाण्याचं तळं. काठची जमीन बारा महिने ओली. आबा पेटीसमोर उभे होते, पाठ आमच्याकडे, पेटीचं दार उघडं, दोन्ही हात आत. हातांत रबरी मोजे होते. पायांत ते बूट, आणि बुटांखाली चिखल. आबांचा मदतनीस पांडू थोडा लांब उभा होता. तो खारजमिनीकडच्या गावातला, वयाने आबांच्याच बरोबरीचा.

काका सायकल टाकून धावला आणि त्याने तोंड उघडलं. मी मागून त्याचा शर्ट धरला.

हाक मारायची नाही. पेटीत हात असलेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही, हा आमच्याकडचा नियम खिळ्यांच्या नियमाहून जुना. तो दचकला, मान वळवली, हात एवढासा हलला की संपलं. मी बोलायला शिकले तेव्हापासून मला हे माहीत होतं. आबा ओट्यावर साधा प्लग जोडत असले तरी आई त्यांना जेवायला बोलवायची नाही, ते मागे बघेपर्यंत उभी राहायची. पांडूनेही आम्हाला पाहिलं होतं आणि हाताचा पंजा उभा केला होता. थांबा.

थांबलो. माझ्या मुठीत काकाचा शर्ट होता. आबांच्या खांद्यावरून कळत होतं की ते स्क्रू फिरवतायत. मध्येच त्यांनी वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर घेतलं आणि चिखलातून बूट निघाल्याचा आवाज आला. तेवढ्यात वाडीची मालकीण, मोनीबाई, केळींतून बाहेर आली. तिचा पंप बंद होता, ती कालपासून पाण्याविना होती, तिला बाकीचं काय माहीत. आम्हा दोघांना बघून तिने खणखणीत आवाजात विचारलं, "कोन गं तू? कोन पायजे?"

पांडू तिच्या अंगावर गेलाच. तोंडावर बोट ठेवून, डोळे मोठे करून. ती दुखावून गप्प झाली. आबांचे हात आत होते. ते वळले नाहीत. मला अजूनही मोनीबाईचा आवाज कधी कधी आठवतो. आबांच्या आवाजापेक्षा तो जास्त स्पष्ट राहिला आहे, याचं मला नवल वाटतं.

मग केळींच्या आतून कुठला तरी पंप घुरघुरला, खोकला आणि चालू झाला. मागोमाग दुसरा. आबांनी हात बाहेर काढले, दार लावलं, खिट्टी घातली, मोजे काढले आणि वळले.

"काय झालं? आई बरी आहे ना?"

"बूट काढा," मी म्हणाले.

आबांनी माझ्याकडे पाहिलं, मग काकाकडे. चिखलातून बाहेर आले, बांधावरच्या कोरड्या गवतावर बसले आणि नाड्या सोडल्या. पिशवीतला स्क्रूड्रायव्हर घेऊन उजव्या बुटाचं रबर कडेने उचकटलं. खाली खिळ्यांची ओळ होती. नवे, चकचकीत, एकाशेजारी एक, खूप नीट मारलेले. आबांनी बुटात हात घातला आणि आतून तळ चाचपला. एका जागी बोट थांबलं. तिथे टोक वर आलं होतं, पायमोज्याच्या जाडीइतकं.

पांडू वाकून बघत होता. "आयला वायरमन," तो म्हणाला, "ह्यो बूट हाय का घोड्याचा खूर?"

कुणी हसलं नाही. मोनीबाई घागर घेऊन पाण्याकडे निघून गेली.

त्या दिवशी काही झालं नाही ते हातमोज्यांमुळे, की त्या टोकापर्यंत काही पोचलंच नाही म्हणून, की आणखी कशामुळे, हे मी पुढे माझ्या कामातल्या एका जाणकार माणसाला विचारलं. तो म्हणाला, सांगता येत नाही, आणि ही गोष्ट परत करून बघायची नसते. मला ते उत्तर पुरेसं वाटलं.

"दादा," रामाकाका म्हणाला, "मार मला."

"बस खाली."

"मार म्हणतो ना. पायताणानं मार."

"रामा, खाली बस. लोक बघतायत."

काका बसला. आबांनी पकड घेतली आणि खिळे उपसायला सुरुवात केली. चांगले बसले होते, एकेक निघायला वेळ लागत होता. ते रागाने ओढत नव्हते. नेहमीचं काम करावं तसे करत होते, खिळा निघाला की शेजारी गवतावर ठेवायचा. पंपाचा आवाज येत होता आणि पाटाला पाणी सुटलं होतं.

"काल तू खणातनं ते काढलं हुतंस," काका म्हणाला. "ते गोल. ते ह्याच्यासाठी व्हतं?"

"हो."

"मग लावलं का न्हाईस?"

आबांनी खिळ्याला पकड लावली. "तू समोर उभा होतास."

"म्हणून?"

"म्हणून."

काका उठला, बावखलाच्या काठापर्यंत गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. कितीतरी वेळाने परत आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं. आबांनी बूट झटकले, नाड्यांनी एकमेकांना बांधले आणि त्याच्या गळ्यात अडकवले, गुराच्या गळ्यात घंटा अडकवावी तसे. "शिवून आण," ते म्हणाले. "दोऱ्यानं. घाई नाही."

"आणतो."

आबा पांडूच्या जुन्या चपला घालून पुढच्या कामाला गेले आणि दुसऱ्या दिवसापासून खात्याचे चावणारे बूट वापरू लागले. घरी कुणी हा विषय काढला नाही. आईने काकाला त्या रात्री दोन भाकऱ्या जास्त वाढल्या. त्याने त्या खाल्ल्या नाहीत.

बाबूराव जूनमध्ये परत आले. काकाने बूट नेले नाहीत. पावसाळ्यात त्याला चंदनसारला एका बांधकामावर सामानाची राखण करण्याचं काम मिळालं, पुढे तिथेच खोली घेतली, पुढे लग्न, पुढे स्वतःचं हार्डवेअरचं दुकान. बूट पिशवीतून त्याच्याबरोबर गेले. त्याने आबांना नवा जोड आणून दिला, उत्तम, अख्खा रबरी तळ, कुठे शिवणसुद्धा दिसत नव्हती. दारात उभं राहून तो म्हणाला, "दादा, आधी ते लाव." आबांनी खणातून लोहचुंबक काढलं आणि त्याच्यासमोर सावकाश दोन्ही बुटांवरून फिरवलं. त्यानंतर ती पद्धतच पडली. काका काहीही आणो, पेढे, आंबे, आईला साडी, आबा खण उघडायचे. काका ऐटीत वस्तू पुढे धरायचा. "लाव, लाव." एकदा काकूच्या बाळंतपणानंतर त्याने मुलगी पहिल्यांदा आमच्याकडे आणली, तर काकू आबांना ओरडून म्हणाली, "भाऊजी, हिला नाही हं!"

आणि दर दिवाळीला फराळाच्या ताटावर आबा विचारायचे, "रामा, बूट झाले का?"

"होतायत, दादा."

"घाई नाही."

सगळे हसायचे. काकाही हसायचा, पण ताटाकडे बघून.

आबांना जाऊन आता दोन वर्षं होतील. मागच्या उन्हाळ्यात मी चंदनसारला गेले होते. रामाकाकाचे केस पांढरे झालेत, दुकान मुलगी बघते. जेवणानंतर त्याने माळ्यावरून पिशवी काढली आणि बूट माझ्यासमोर ठेवले. चामडं लाकडासारखं झालं होतं, तळाला खिळ्यांची भोकं ओळीने तशीच. मी बघितलं. तडा फक्त एका जागी होता, शिवणीची जागा शाबूत होती. म्हटलं, हे वाया गेलेले नाहीत. आठवडाभर खोबरेल लाव, रोज थोडं, एकदम ओतायचं नाही. मऊ झाले की आधी भोकं बुजवून घ्यायची आणि मग तळ शिवायचा. विरारला अजून हाताने शिवणारा एक जण आहे, त्याचा पत्ता मी कागदावर लिहून दिला. काकाने कागद चष्म्याच्या डबीत ठेवला.

परवा पुन्हा गेले. बूट दारामागे होते. चामडं मऊ झालंय, छान काळपट रंग आलाय, म्हणजे तेल नियमाने लागतंय. आठवडाभर नव्हे, वर्षभर लागत असणार. तळ तसाच उघडा.

"काका, मी नेऊ का? माझ्या वाटेवरच आहे तो."

"नको," तो म्हणाला. "मला सांगितलंय दादानं." मग बूट उचलून खिडकीपासून लांब, सावलीत सरकवले. "पुढल्या आठवड्यात नेतो."

बूट अजून शिवायचे आहेत.